उपकरणफलकातील विद्युतदोष आणि परतीची वाट

कारखान्यात तयार झालेल्या विमानाची तारजोडणी त्याच मालिकेतील इतर विमानांसारखीच असते आणि ती निर्मात्याच्या पुस्तिकेत छापलेली असते. त्यामुळे एका विमानात सापडलेला दोष दुसऱ्यात कोठे शोधावा याचा माग आधीच लागलेला असतो. हौशी माणसाने गॅरेजमध्ये किंवा हँगरमध्ये स्वतः बांधलेल्या विमानाला ही सोय नसते. सांगाड्याचा आराखडा विकत घेतलेला असला, पत्रे व फासळ्या संचातून आलेल्या असल्या, तरी उपकरणफलकामागचे तारांचे जाळे हे ज्याने बांधले त्याच्याच डोक्यातून उतरलेले असते आणि शेजारच्या हँगरमधील त्याच नमुन्याच्या विमानाशी त्याचा फारसा मेळ बसत नाही. अमेरिकेत ही हौस सर्वांत अधिक फोफावली. तेथील नियमांनुसार बांधकामाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी वा छंदासाठी केलेला असला, तर ते विमान ‘प्रायोगिक, हौशी-निर्मित’ या वर्गात नोंदवता येते आणि बांधणाऱ्याला स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा दाखलाही मिळू शकतो. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिन राज्यात स्थापन केलेल्या ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ने आणि पुढे १९७३ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’च्या आरव्ही मालिकेने या छंदाला मोठा विस्तार दिला. महाराष्ट्रात अशी उदाहरणे विरळ आहेत. त्यांतले सर्वांत ठळक म्हणजे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेलेले विमान.

या प्रकरणात विवेचनासाठी अशा विमानांतला सर्वसामान्य प्रकार समोर ठेवला आहे: अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन आसनी विमान, पुढे चार सिलिंडरचे लायकॉमिंग इंजिन आणि बारा व्होल्टची बॅटरी. बॅटरीपासून निघालेली जाड केबल ‘मास्टर कॉन्टॅक्टर’ या विजेने चालणाऱ्या मोठ्या स्विचमधून जाऊन ‘बस’पर्यंत पोचते. बस म्हणजे तांब्याची किंवा पितळेची एक पट्टी, जिच्यावरून फ्यूज वा सर्किट ब्रेकरमार्गे प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र तार जाते. इंजिन चालू झाले की त्याच्यावर बसवलेला अल्टरनेटर सर्व भार उचलतो आणि बॅटरी पुन्हा भरतो. पूर्ण भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचे विभवांतर विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट असते, तर अल्टरनेटर नीट चालत असताना बसवर १४ ते १४.४ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू असूनही हा आकडा १३च्या खाली राहिला, तर उपकरणे बॅटरीच्या शिलकीवर चालली आहेत असा त्याचा सरळ अर्थ होतो. व्होल्टमापक हे फलकावरील दिसायला सर्वांत साधे उपकरण असले, तरी दोष शोधताना पहिली नजर त्याच्याकडेच जाणे इष्ट आहे.

जाणारी वाट अशी प्रत्येक उपकरणाला वेगळी मिळत असली, तरी परतीची वाट मात्र बहुधा सामाईक असते. धातूच्या विमानात वेगळी परतीची तार न ओढता सांगाड्याचा पत्राच बॅटरीच्या ऋण टोकाला जोडतात आणि उपकरणांची ऋण टोके जवळ सापडेल तेथे पत्र्याला कसतात; मोटारगाड्यांचे इलेक्ट्रिशियन ज्याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतात तीच ही पद्धत होय. वजन वाचते, काम लवकर आटोपते आणि पहिल्या दिवशी सारे काही उत्तम चालते. स्वनिर्मित विमानांच्या फलकावर पुढे जे चमत्कारिक दोष दिसू लागतात, त्यांतील बऱ्याच दोषांचे मूळ या काटकसरीत असते, आणि नेमकी हीच बाजू तपासण्याचे शेवटपर्यंत कोणाला सुचत नाही. याचे कारण असे की आराखडा काढताना धन बाजूच्या तारा एकेक रेघ ओढून, क्रमांक घालून दाखवल्या जातात, तर परतीच्या वाटेसाठी केवळ अर्थिंगची खूण काढली की काम भागते. कागदावर जे दिसत नाही ते तपासणीतही दिसत नाही.

एक ठरावीक तक्रार घ्यावी. रात्रीच्या उतरणीसाठी लँडिंग लाइट लावला की तेलाच्या तापमानाचा काटा चढतो आणि दाबाचा काटा उतरतो. दिवा मालवला की दोन्ही काटे मूळ जागी येतात. तापमान चढणे आणि दाब उतरणे ही इंजिन निकामी होत असल्याची खूण मानली जात असल्यामुळे वैमानिकाच्या पोटात गोळा येतो, प्रत्यक्षात मात्र इंजिनाला काहीही झालेले नसते. अल्टरनेटर इंजिनाच्या ठोकळ्याला बोल्टने जोडलेला असतो आणि त्याने पुरवलेली सर्व विद्युतधारा उपकरणांतून फिरून सांगाड्यात आल्यावर, इंजिन व सांगाडा यांना जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यातून ठोकळ्याकडे परतते. या पट्ट्याचा रोध एखाद्या सहस्रांश ओहमइतका असावा लागतो. टोकाखाली रंग राहिला, बोल्ट ढिला झाला किंवा गंज चढला आणि हा रोध ०.०२ ओहम झाला, तर ३० अँपिअर धारा वाहताना त्या एका सांध्यावर ०.६ व्होल्टचा फरक पडतो. तापमान व दाब यांचे संवेदक, ज्यांना कारागीर ‘सेंडर’ म्हणतात, त्यांचा ऋण संबंध इंजिनाच्या ठोकळ्याशी असतो, तर वाचन करणाऱ्या उपकरणाचा संबंध फलकामागच्या पत्र्याशी. दोघांचे शून्य एक असेल या गृहीतावर सगळे मोजमाप उभे असते. उंची मोजणारा ज्या ओट्यावर उभा आहे तो ओटाच खचावा, तसे येथे घडते. ठोकळा पत्र्यापेक्षा ०.६ व्होल्टने खाली जातो, उपकरणाला सेंडरचा रोध आहे त्यापेक्षा कमी भासतो, आणि तापमानाच्या प्रचलित सेंडरमध्ये कमी रोध म्हणजे अधिक उष्णता, तर दाबाच्या प्रचलित सेंडरमध्ये कमी रोध म्हणजे कमी दाब असल्यामुळे एकाच सांध्याचा दोष दोन काट्यांना विरुद्ध दिशांनी पळवतो.

हा दोष साध्या मल्टिमीटरने रोध मोजून सापडत नाही, कारण मीटरच्या दोन लांब तारांचाच रोध त्या सांध्याच्या कित्येक पट असतो आणि पडद्यावर उमटणारा आकडा मुख्यतः त्या तारांचा असतो. उपाय सोपा आहे, फक्त तो भार चालू असताना करावा लागतो: मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक इंजिनाच्या ठोकळ्याला व दुसरे उपकरणाच्या ऋण टोकाला लावावे, इंजिन थोड्या वेगात चालवून दिवे लावावेत आणि पडद्यावर किती मिलिव्होल्ट येतात ते पाहावे. अर्थात ही चाचणी फिरत्या पंख्याजवळ वाकून करायची नसते. मीटरच्या तारा इंजिन बंद असताना पक्क्या बांधून आसनापर्यंत आणाव्यात आणि वाचन आत बसून घ्यावे. आकडा काही मिलिव्होल्टांपुरताच असला तर पट्टा निर्दोष आहे. तो अर्ध्या व्होल्टच्या जवळ गेला तर सेंडर, गेज आणि त्यांवर झालेला खर्च यांचा विचार बाजूला ठेवून पट्ट्याची दोन टोके चकाकेपर्यंत घासणे श्रेयस्कर ठरते. हा पट्टा पूर्णच तुटला तर आणखी एक विचित्र प्रकार घडतो: स्टार्टरची शेकडो अँपिअर धारा परतण्यासाठी दुसरा धातू शोधते आणि तो बहुधा थ्रॉटलची किंवा मिश्रण-नियंत्रणाची पोलादी केबल असतो. इंजिन सुरू करताना ती केबल तापते, प्रसंगी जळून अडकते. स्टार्टर मंद फिरतो म्हणून बॅटरी बदलणाऱ्याने आधी त्या केबलच्या आवरणाला हात लावून पाहावा.

जाणकार बांधणारे म्हणूनच सर्व उपकरणांची ऋण टोके अग्निरोधक भिंतीवरील एकाच पितळी ठोकळ्यावर आणतात आणि बॅटरीची ऋण केबल व इंजिनाचा पट्टाही तेथेच जोडतात. ‘एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ या पुस्तकाचे लेखक बॉब नकल्स यांनी या एकबिंदू पद्धतीचा पाठपुरावा केला. काचतंतूच्या विमानात तर दुसरा पर्यायच नसतो. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेडसारख्या विमानाचा सांगाडा वीज वाहतच नाही. प्रत्येक दिव्याला व प्रत्येक संवेदकाला जाणारी आणि परतणारी अशा दोन तारा न्याव्या लागतात. वजन वाढते खरे, पण या सक्तीमुळे अशा विमानांत परतीची वाट निदान कागदावर तरी उमटते.

काट्यांच्या वर्तनाचा आणखी एक पैलू आहे, ज्याकडे आराखडा करतानाच लक्ष गेले तर पुढचे बरेच क्लेश टळतात. प्रत्येक संवेदकाची तार तुटली तर काटा कोणत्या दिशेला जाईल आणि ती पत्र्याला टेकली तर कोणत्या दिशेला, हे आधीच ठरलेले असते. अमेरिकी विमानांत सर्रास आढळणाऱ्या तरंगत्या इंधनमापकाचा रोध टाकी रिकामी असताना २४० ओहम व भरलेली असताना ३३ ओहम असतो. त्याची तार तुटली तर रोध अनंत होऊन काटा ‘रिकामी’ दाखवतो. वैमानिक घाबरतो, लवकर उतरतो आणि सुरक्षित राहतो. तीच तार फासळीतील भोकाच्या कडेला घासून पत्र्याला टेकली, तर रोध शून्य होतो आणि काटा ‘पूर्ण भरलेली’ सांगत राहतो. तेलदाबाच्या १० ते १८० ओहमच्या सेंडरमध्ये हे उलटे घडते: तुटलेली तार काट्याला सर्वोच्च दाबावर नेऊन ठेवते. एकच अपघात एका उपकरणात भित्रा आणि दुसऱ्यात बेफिकीर ठरतो. म्हणून नव्या फलकाची पहिली तपासणी करताना प्रत्येक सेंडरची तार मुद्दाम सोडून व नंतर पत्र्याला टेकवून काट्याची हालचाल वहीत टिपून ठेवण्याची रीत अतिशय उपयोगी आहे. पुढे कधी काटा विचित्र वागला, तर त्या वहीवरून दोष तुटण्याचा आहे की टेकण्याचा हे हँगरचे दार उघडण्यापूर्वीच कळते.

सिलिंडरचे व निकास वायूचे तापमान मोजणारे संवेदक मात्र या नियमात बसत नाहीत, कारण त्यांना बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. दोन भिन्न धातूंच्या तारा एका टोकाला जोडून ते टोक तापवले की दुसऱ्या टोकांवर अत्यल्प विभवांतर निर्माण होते. या जोडीला थर्मोकपल म्हणतात आणि ‘के’ प्रकारात ते दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचे एकेचाळीस दशलक्षांश असते. येथे होणारी चूक अतिशय स्वाभाविक आहे. तार अपुरी पडली म्हणून बांधणारा मध्येच साधी तांब्याची तार जोडतो आणि अग्निरोधक भिंतीपुढे, इंजिनाच्या कोठडीत, नवा सांधा तयार करतो. आता उपकरण मोजते ते सिलिंडर व हा सांधा यांच्या तापमानांतील अंतर. आपल्या पाठीशी असलेल्या जागेचे तापमान ते त्यात मिळवते खरे, पण इंजिनाची कोठडी त्याहून ४०-५० अंशांनी गरम असल्यामुळे पडद्यावरचा आकडा तितक्याच अंशांनी कमी येतो. इंजिन अपेक्षेपेक्षा थंड चालते म्हणून मालक खूश असतो, आणि ही या दोषाची सर्वांत फसवी बाजू आहे. थर्मोकपलची तार त्याच धातूंच्या तारेनेच वाढवावी लागते. अमेरिकी रंगपद्धतीत दोन तारांपैकी लाल तार ऋण असते, हेही मोटारीच्या कामाला सरावलेल्या हाताला उलटे पडते. तारा अदलाबदल झाल्या तर सिलिंडर तापेल तसा आकडा उतरू लागतो.

सांध्यांचा प्रश्न केवळ इंजिनापुरता नाही. विमानातील तारांची टोके सोल्डर करण्यापेक्षा दाबून बसवलेल्या लगने, म्हणजे क्रिम्पिंगने, जोडण्याकडे कल असतो, कारण वितळलेले कथील तारेच्या धाग्यांमधून वर चढते आणि ते जेथे संपते तेथे लवचीक तार एकदम ताठ होते. कंपनांत तार तेथेच तुटते. तथापि क्रिम्पिंगचा हत्यारावर पूर्ण भरवसा असतो. बाजारातल्या स्वस्त पक्कडीने चेपलेली लग दिसायला ठीक असली, तरी आत काही धागे सुटे राहतात. अशा तारेची ‘कंटिन्युइटी’ तपासली, म्हणजे मीटर आवाज करतो का ते पाहिले, तर एका धाग्यावर लोंबकळणारा सांधाही उत्तीर्ण होतो, कारण त्या चाचणीत मीटर मिलिअँपिअरइतकीच धारा पाठवतो. खरी परीक्षा भार देऊन होते: उपकरण चालू ठेवून बसपासून त्याच्या टोकापर्यंत प्रत्येक टप्प्यावर किती व्होल्ट गळतात ते मोजत जावे, आणि जेथे मोठी गळती दिसेल तेथे थांबावे. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज बसवण्याचा मोह याच टप्प्यावर होतो, आणि तो कटाक्षाने टाळायला हवा. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो ही समजूत सर्वत्र आढळते. तो खरे तर तारेच्या रक्षणासाठी असतो. २२ गेजच्या बारीक तारेला ५ अँपिअरचा फ्यूज असेल, तर त्या जागी १५ अँपिअरचा बसवल्यावर पुढच्या शॉर्टमध्ये फ्यूज टिकतो आणि तार जळते, तीही वैमानिकाच्या गुडघ्यांपुढे.

अल्टरनेटरच्या बाजूचा एक दोष मुद्दाम सांगण्याजोगा आहे, कारण त्याच्यापायी अनेक चांगले नियामक, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर, विनाकारण कचऱ्यात जातात. अँमीटरचा काटा एकसारखा थरथरतो, दिवे मंद-प्रखर होत राहतात. अनेक विमानांत नियामक बसचे विभवांतर ज्या तारेने पाहतो त्याच तारेतून अल्टरनेटरच्या चुंबकीय वेटोळ्याला लागणारी धाराही जाते. त्या वाटेवरचा ब्रेकर वा स्विच जुना होऊन त्याच्या संपर्कांत थोडा रोध आला, की धारा वाढताना नियामकाला बस कमी दिसते, म्हणून तो आणखी धारा सोडतो. बस वर गेली की तो धारा तोडतो, त्याबरोबर गळती नाहीशी होऊन बस अधिकच वर गेल्याचे त्याला दिसते आणि तो आणखी तोडतो. नियामक इमानदारीने काम करत असतो. चूक त्याला दिसणाऱ्या आकड्यात असते. स्विच आणि लगा बदलल्या की काटा स्थिर होतो. स्विच लवकर झिजण्याचे एक वेगळे कारण मास्टर कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्यात आढळते: वेटोळ्याची धारा तोडताच त्यात क्षणभर शेकडो व्होल्टचा झटका निर्माण होतो आणि तो वाटेतल्या स्विचच्या टोकांवर ठिणगी पाडतो. वेटोळ्याला समांतर जोडलेला एक क्षुल्लक किमतीचा डायोड हा झटका जागीच जिरवतो. तो विसरला गेला तर दोष दिसतो तो मात्र स्विचमध्ये.

गेल्या काही दशकांत काट्यांची जागा पडद्यांनी घेतल्यावर दोषांचे स्वरूपही बदलले. गार्मिनसारख्या कंपन्यांच्या उपकरणांत माहितीची देवाणघेवाण अनेकदा ‘कॅन बस’ या पद्धतीने, दोन पिळलेल्या तारांवरून होते आणि या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक बसवावा लागतो. वीज पूर्ण बंद करून या दोन तारांमधील रोध मोजला तर तो ६० ओहम यावा. १२० आला तर एक रोधक सुटला आहे आणि ४० आला तर कोणीतरी तिसरा बसवला आहे. पडद्यावर लाल फुल्या येतात-जातात आणि मालक महागडे उपकरण परत पाठवण्याची तयारी करतो, त्या वेळी दोन मिनिटांची ही मोजणी पुष्कळ काही सांगून जाते. इंजिन सुरू करताना पडदा काळा होऊन पुन्हा उजळणे हा मात्र बहुतेकदा तारांचा दोष नसतो. स्टार्टर फिरत असताना बॅटरी १० व्होल्टच्या खाली घसरते आणि संगणकाला तेवढ्यावर तग धरता येत नाही. तसेच महत्त्वाच्या उपकरणांसाठी ठेवलेल्या दुसऱ्या, पर्यायी बसला डायोडमार्गे पुरवठा केलेला असेल, तर तेथे मुख्य बसपेक्षा अर्धा-पाऊण व्होल्ट कमी दिसणे हा डायोडचा स्वभाव आहे, तेथे शोधण्यासारखे काही नसते.

रेडिओतील आवाजांचे निदान कानावर सोपवता येते. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शीळ अल्टरनेटरची, टकटक मॅग्नेटोची, आणि दिव्याच्या लुकलुकण्याबरोबर येणारी कुई स्ट्रोबची. हेडफोनचे सॉकेट पत्र्यावर थेट न बसवता अवाहक वॉशर घालून बसवले, तर यांपैकी बराचसा गोंगाट शिरतच नाही, कारण तोही सामाईक परतीच्या वाटेनेच आत येत असतो. होकायंत्राजवळून जाणाऱ्या एकेरी तारेने सुई वळते, म्हणून तेथल्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळाव्यात.

येथवर वर्णिलेल्या दोषांत, थर्मोकपलची वाढवलेली तार सोडली तर, फलकावर काहीतरी वावगे दिसते किंवा ऐकू येते. एका तारेबाबत तशी आशा बाळगता येत नाही. लायकॉमिंगसारख्या इंजिनात ठिणगी देणारे मॅग्नेटो बॅटरीवर अवलंबून नसतात; ते स्वतःच वीज निर्माण करतात, म्हणूनच विमानातील सारी वीज गेली तरी इंजिन चालू राहते. त्यांना बंद करण्यासाठी किल्लीच्या स्विचपर्यंत आणलेली ‘पी-लीड’ नावाची तार पत्र्याला जोडावी लागते. इतर ठिकाणी तार तुटली की यंत्र बंद पडते. येथे तार तुटली की यंत्र बंदच होत नाही. किल्ली ‘ऑफ’वर असते, पडदे काळे असतात, कोणताही दिवा लागत नाही, आणि पंखा हाताने थोडा फिरवला तरी सिलिंडरमधील उरलेले मिश्रण पेटू शकते. यासाठी इंजिन बंद करण्यापूर्वी, ते अगदी सावकाश चालत असताना, किल्ली क्षणभर ‘ऑफ’वर नेऊन इंजिन खरोखर थांबू लागते का हे ऐकतात आणि लगेच ती पूर्ववत करतात, ते थांबू लागले नाही तर पंख्याजवळ कोणालाही जाऊ न देता त्या तारेचा शोध सुरू करतात, आणि तो सुरू होतो तो मॅग्नेटोवरील तिच्या टोकापासून, जेथे कंपन सर्वाधिक असते.